छोटं कॅबिनेट, कमी आवाज

आप्पांना गेम खेळण्यासाठी नवा कॉम्प्युटर घेऊन द्यायचा, असं त्यांच्या चिरंजीवांनी स्वतःहून जाहीर केलं, तेव्हा घरात दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. त्यातलं एक मिनिट आप्पांच्या आश्चर्याचं होतं. दुसरं सूनबाईंचं होतं, पण त्यांना आश्चर्य वाटल्यासारखं दिसत नव्हतं. त्या भांडी पुसत होत्या, आणि जे भांडं पुसून झालं होतं तेच पुन्हा पुसत होत्या.

आप्पांना ट्रक चालवायचा नाद होता. खऱ्या ट्रकच्या पायरीवरसुद्धा त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता. पण नोकरी संपली, बायको गेली, आणि चिरंजीवांचे जुने स्वेटर जसे त्यांच्याकडे येत तसा जुना लॅपटॉपही आला. त्यात त्यांना हा गेम सापडला. गाडीत माल भरायचा, गाडी परमुलखातून शेकडो मैल हाकायची आणि माल वेळेत पोचवायचा. सगळी हयात पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, खरेदी विभागात काढलेल्या माणसाला माल वेळेत पोचतो ही कल्पनाच नवी होती. आप्पा हरखून गेले.

पण लॅपटॉप थकलेला. वळण आलं की चित्र अडकायचं. ट्रक पुढे निघून गेलेला असायचा आणि रस्ता मागून यायचा. लॅपटॉपचं बूड इतकं तापायचं, की थंडीत आप्पा त्यावर मोजे वाळवत. "एखादा बरासा कॉम्प्युटर," असं ते कैक वर्षं म्हणत होते आणि चिरंजीव "बघू" म्हणत होते. 'बघू' या शब्दाचा कचेरीतला अर्थ आप्पांना ठाऊक होता, त्यामुळे त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नव्हतं.

आणि आता चिरंजीव स्वतः म्हणत होते, "आप्पा, रविवारी जाऊ. एकेक पार्ट निवडून बनवून घेऊ. बजेटमध्ये बसवू, पण तुमच्या मनासारखा."

"बजेटमध्ये आणि मनासारखा," आप्पा म्हणाले. "दोन्ही एकदम?"

"दोन्ही. फक्त एक करू, कॅबिनेट छोटं घेऊ."

कॅबिनेट म्हणजे सगळे पार्ट ज्यात बसवतात ती पेटी, एवढं आप्पांनी व्हिडिओ बघबघून शिकून घेतलं होतं. "मोठ्यात हवा खेळती राहते म्हणे. आणि माझं टेबल केवढं आहे! त्यावर तू पाय पसरून झोपशील."

"तरी पण. सुटसुटीत बरं."

"आणि आतच वायफाय असलेलं घ्या," सूनबाई भांड्याला म्हणाल्या.

"वायफाय कशाला? राउटर माझ्याच खोलीत आहे, माझ्याच डोक्यावर. वायर खुपसली की झालं."

सूनबाईंनी चिरंजीवांकडे पाहिलं. चिरंजीवांनी चहाकडे पाहिलं.

"असावं आपलं," ते म्हणाले. "हल्ली सगळेच घेतात."

आप्पांच्या मनात पाल चुकचुकली, पण बारीक. पाल जुनी, कचेरीतली होती. खरेदी विभागात आप्पांचं मुख्य काम टेंडरच्या अटी लिहिण्याचं. ते काम ते इतक्या नजाकतीने करत, की मोठमोठे साहेब त्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहत. एकदा साहेबांच्या साडूंकडून खुर्च्या घ्यायच्या होत्या. साडूंच्या वखारीत ज्या पडून होत्या त्याच. आप्पांनी अट लिहिली: हात गोलाकार, रंग शेवाळी, पाठीला सात पट्ट्या, त्यातली चौथी किंचित रुंद. साऱ्या गावात तसल्या खुर्च्या साडूंशिवाय कोणाकडे असणार? टेंडर रीतसर उघडलं, रीतसर मंजूर झालं. तेव्हापासून आप्पांना एक खोड लागली. कोणी कशाच्याही अटी सांगू लागलं, की ते वस्तूचा विचार करत नसत. या अटीत नेमकं कोण बसतंय, ते शोधत.

पण हा तर पोटचा मुलगा. त्याच्या अटीत कोणाला शोधायचं? आप्पांनी पालीला गप्प केलं आणि रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले.

दुकान एका अरुंद जिन्यावर होतं. आत छतापर्यंत खोकी, आणि खोक्यांमध्ये जेवढी जागा उरली होती तेवढ्यात दुकानाच्या मालकीणबाई. अंबाड्यात स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला. त्यांनी चिरंजीवांना विचारलं, "बोला दादा. मुलगा काय खेळतो?"

"मुलगा मीच," आप्पा म्हणाले. "ट्रक."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "मग झाडं फार लागतील. ट्रकला काही होत नाही, रस्त्याकडेची झाडं ग्राफिक्स कार्डाला जड जातात. बसा काका."

आप्पांना बाई तिथल्या तिथे आवडल्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि दोघांचं जमलंच. प्रोसेसर मधला चालेल, त्यातून वाचेल ते कार्डात घाला, असं बाई म्हणाल्या. रॅम एक मोठी घेण्यापेक्षा दोन छोट्या जोडीने घ्या. आप्पांनी पंख्यांचा विषय काढला, ते लाल-निळे लुकलुकणारे.

"ते लग्नाच्या मांडवाला ठेवा," बाई म्हणाल्या. "कमी पैशात बनवायचं तर चमकणाऱ्या गोष्टीत हात आखडायचा, लपलेल्या गोष्टीत नाही. पॉवर सप्लाय चांगला घ्या. स्वस्तातला पॉवर सप्लाय मरताना एकटा मरत नाही."

"आमच्या कचेरीत असे दोन साहेब होते," आप्पा म्हणाले.

बाई हसल्या. आप्पाही हसले. असं कोणी त्यांच्या बोलण्यावर हसल्याला बरेच दिवस झाले होते. झाडांना पानं दिसतील का, पावसात वायपर नीट फिरतील का, रात्रीच्या रस्त्याला दिवे लागतील का, असं ते एकेक विचारत होते आणि बाई एकेक खोकं काढून समोर मांडत होत्या. त्या अर्ध्या तासात आप्पा चार देशांच्या सीमा ओलांडून आले.

"पंख्याचा आवाज अजिबात नको," मध्येच चिरंजीव म्हणाले.

आप्पांनी मान वळवली. त्यांचा डावा कान कामातून गेलेला, उजव्याला फारशी हौस उरलेली नव्हती. खोलीच्या एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला न्हाणीघर. "आवाजाचा त्रास कोणाला? बादलीला?"

"नाही हो, आपलं... शांत असलेलं बरं. आणि बाई, वीज किती खाईल? जास्त चालणार नाही. लिमिट असतं ना."

"कोणाचं?" आप्पांनी विचारलं.

"असतं."

आप्पांच्या खोलीत एसीसाठी काढून ठेवलेला जाडजूड प्लग होता. एसी कधी आला नाही, पण प्लग होता. त्या प्लगवर पिठाची गिरणी चालली असती. पालीने पुन्हा तोंड उघडलं. छोटं कॅबिनेट. आतच वायफाय. आवाज नको. वीज मोजून. आप्पांनी नकळत एकाखाली एक लिहायला घेतलं, मनातल्या मनात, जुन्या वळणदार अक्षरात.

"आणि याला कुलूप लावता येतं का?" चिरंजीवांनी विचारलं.

"येतं की. मागे कडी असते," बाई म्हणाल्या. "होस्टेलची मुलं घेतात. एका खोलीत दोघं-तिघं असले, की कोणीतरी रॅम काढून नेतं ना! घरात कशाला लागतंय?"

कुलूप आलं आणि आप्पांना चौथी पट्टी दिसली.

खरेदी विभागात इतकी वर्षं काढलेला माणूस आरडाओरडा करत नाही. त्यांनी फक्त वर पाहिलं. सगळ्यांत वरच्या फळीवर एक कॅबिनेट होतं. उभ्या कपाटासारखं, पुढे ताटाएवढे तीन पंखे.

"बाई, मला ते द्या."

"ते? काका, त्यात दोन कॉम्प्युटर बसतील." पण बाई शिडीवर चढल्यासुद्धा.

"आप्पा, ते नाही मावणार," चिरंजीव म्हणाले.

"कुठे?"

चिरंजीवांनी रॅमचं पाकीट हातात घेतलं.

"माझ्या टेबलावर मावतं," आप्पा म्हणाले. "टेबलाखाली मावतं. खोलीत मधोमध ठेवून त्याला प्रदक्षिणा घालता येईल. कुठे मावणार नाही?"

"तिथे," चिरंजीव रॅमच्या पाकिटाला म्हणाले. "तिथे टेबल लहान आहे. दोघांत एक."

बाई शिडीवर, कॅबिनेट कवेत घेऊन तशाच राहिल्या. उतरावं की नाही, ते त्यांना ठरवता येईना.

मग चिरंजीव भडाभडा बोलू लागले. जागा फार चांगली आहे. डॉक्टर येतो, बाग आहे, जेवण वेळेवर. हिला शिकवणीचे वर्ग घरी घ्यायचेत, तुमच्या खोलीला बाहेरून दार आहे. आणि तुम्ही तरी दिवसभर एकटेच असता, आप्पा, आम्ही दोघं कामावर. तिथे तुमच्या वयाची माणसं आहेत.

"त्यातली ट्रक चालवणारी किती?"

"चेष्टा नको ना, आप्पा."

"चेष्टा कुठे करतोय? लांबच्या रस्त्याला जोडीदार लागतो."

"मी सांगणारच होतो. कॉम्प्युटर झाला, की बसून नीट सांगणार होतो."

"हो. मीही तुला तसाच न्यायचो," आप्पा म्हणाले. "आधी फुगा घ्यायचा. मग इंजेक्शन."

बाई एकेक पायरी करत खाली आल्या. मोठं कॅबिनेट त्यांनी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि न विचारता छोटं काढलं. लहान मुलाच्या दप्तराएवढं होतं. कडी होती.

चिरंजीवांनी चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि त्यांना एकदम उदारपणाचा उमाळा आला. "बाई, ते खालचं कार्ड राहू द्या. वरचं लावा. ते महागडं. आणि रॅम दुप्पट करा. बजेटचं सोडा."

"नको," आप्पा म्हणाले.

"घ्या हो, आप्पा. झाडं काय सुंदर दिसतील!"

"पुठ्ठ्याची दिसली तरी ट्रक पोचतो."

"पण मला द्यायचंय!"

"ते दिसतंय मला."

कचेरीत असंच व्हायचं. फाईल बंद झाली, की पुरवठादार मिठाईचा एक डबा घेऊन यायचा, आणि ज्याने डबा घेतला त्याला पुन्हा शेरा मारता यायचा नाही. आप्पांनी तो डबा कधी घेतला नव्हता. त्यात सचोटीचा भाग थोडा होता. वरच्यांची वाटणी होईपर्यंत तो रिकामा झालेला असायचा हा भाग मोठा. आज पहिल्यांदाच तो भरलेला त्यांच्यापुढे आला होता.

"वरचं कार्ड घेतलं, की तुझी फिटंफाट होईल," ते चिरंजीवांना म्हणाले. आवाज चढला नाही. "बजेट तूच ठरवलंस ना? मग खालचंच. राहू दे तुझ्याकडे थोडी बाकी."

चिरंजीवांचा हात खिशातल्या पाकिटावर होता, तो तिथेच राहिला. आप्पांना वाटलं होतं, हे बोलल्यावर बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. पानं नसलेली झाडं मात्र डोळ्यांसमोर आली, मैलोन्‌मैल.

बाईंनी नको ती खोकी मागे सारली. "उद्या जोडते, तपासते. घरपोच करायचं का इथून नेणार? घरपोच असेल तर पत्ता सांगा."

आप्पांनी मुलाकडे पाहिलं. अजूनही एक फट होती. घरचा पत्ता सांगितला तर? पेटी आधी घरी येईल, टेबलावर बसेल, आठ-पंधरा दिवस कोणी हलवणार नाही. तेवढ्यात माणसाचं मन बदलू शकतं, सूनबाईंचं नाही तर निदान याचं. हाच मुलगा शाळेत जाताना, आप्पा त्याच्या खिशात घरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवत. चौथीपर्यंत त्याला तो पाठ झाला नव्हता.

"लिहून घ्या," चिरंजीव म्हणाले, आणि कुठेही न बघता, न अडखळता त्यांनी सांगितलं. मागचं फाटक. दुसरी इमारत. पहिला मजला. खोलीचा नंबर. "आत गेल्यावर डावीकडचा पलंग. खिडकीच्या बाजूचा."

"परवा पोचवलं तर चालेल?"

"परवाच द्या. आम्ही सकाळपासून तिथेच असू."

बाईंनी लिहून घेतलं. लिहून झालं तरी मान वर केली नाही.

आप्पांनी खुर्च्यांच्या टेंडरमध्येसुद्धा एवढं केलं नव्हतं. तिथे आधी कागद रंगवायचे आणि मग वस्तू आणायची, एवढी तरी लाज होती. इथे पलंगाची बाजूसुद्धा ठरून गेली होती.

ते स्टुलावरून उठले, शर्ट खाली ओढून सारखा केला आणि स्क्रीन मांडल्या होत्या त्या भिंतीकडे गेले. एकेकीत वाकून पाहिलं. प्रत्येकीत दुकानाची ट्यूब दिसत होती, आणि ट्यूबखाली इस्त्रीच्या शर्टातला एक म्हातारा.

"बाई," ते म्हणाले, "खिडकीच्या बाजूला म्हणजे दिवसभर उजेड पडणार. न चमकणारी आहे का एखादी?"

"आहे ना, काका. त्याच किमतीत."

"दाखवा."