खुंट्याचे दुखणे

मी एक जुने मालिशचे टेबल आहे, मित्रांनो. आज मला पाहाल तर नाक मुरडाल. माझे रेक्झिन तडकले आहे, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली आहे, आणि तेलाचा वास अंगात असा मुरला आहे की सर्दी झालेल्या माणसालाही तो येतो. पण एके काळी माझ्यावर पाय पसरायला नावाजलेले फुटबॉलपटू रांगेत थांबत.

मला एका सुताराने बनवले. "आमचे गडी उंच आहेत, दणकट आहेत," असे क्लबच्या लोकांनी त्याला बजावले होते. माझा भरवसा वाटावा म्हणून त्याने आपल्या मेव्हण्याला माझ्यावर उडी मारायला लावली. मेव्हणा लंगडत घरी गेला. मी जागचे हलले नाही.

माझी जागा मैदानाखालच्या एका बिनखिडकीच्या खोलीत होती. भिंतीला पांढऱ्या फरश्या, कोपऱ्यात बर्फाची पेटी, दाराला कधी नीट न बसणारी कडी. तिथे मालिश करणारे काका राज्य करत. त्यांच्या बोटांत जोर होता आणि जिभेला हाड नव्हते. खेळाडू माझ्यावर पालथे पडून किंचाळत, "काका, हळू! पाय आहे तो, कणीक नाही!" मग सगळी खोली हसे. ते माझे सुखाचे दिवस होते.

त्याच काळात खुंटा क्लबात आला. हे त्याचे टोपणनाव. तो बचावपटू होता. गोलासमोर त्याने पाय रोवले की समोरचा आपटून परत जाई, हा काही हलत नसे. सामन्यापूर्वी सगळे सोबती त्याला खांद्याने धक्के देत आणि म्हणत, "खुंटा हलवून बळकट करून घेऊ या." तो नुसता हसे. आईबाप लहानपणीच गेलेले. मोठ्या बहिणीने, ताईने, शहराची बस चालवून त्याला वाढवले होते. सुट्टी असली की ताई सामना बघायला येई, आणि काकांना विचारी, "नीट जेवतो ना हो हा?"

मग एका सामन्यात उडी मारून उतरताना त्याचा गुडघा पिळवटला. त्याला माझ्यावर आणून ठेवले तेव्हा त्याच्या घामाने मी भिजले. क्लबच्या डॉक्टरांनी गुडघा चाचपला. ते वाईट माणूस नव्हते. खेळाडूंच्या मुलाबाळांनाही औषध देत, आणि तेही हसतमुखाने. ते म्हणाले, "याला विश्रांती हवी. चांगली लांबलचक."

प्रशिक्षक दारातच उभे होते. "डॉक्टर, अंतिम सामना तोंडावर आलाय."

"सुई देता येईल," डॉक्टर म्हणाले. "दुखायचं थांबेल. गुडघा मात्र आहे तसाच राहील."

"गुडघ्याचं नंतर बघू की." मग प्रशिक्षकांनी खुंट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काय रे, उभा राहशील ना?"

"राहीन की, सर."

तो उभा राहिला. चषक आला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले, वर्तमानपत्रांनी 'पोलादी बचाव' म्हणून छायाचित्रे छापली. त्या संध्याकाळी तो गळ्यात पदक घालून माझ्यावर आडवा झाला, तेव्हा त्याचा पाय वाकत नव्हता. तो हसत होता, आणि डॉक्टर त्याच्या तळहातावर दोन पांढऱ्या गोळ्या ठेवत होते.

मित्रांनो, नंतरची गोष्ट एका झटक्यात घडली नाही. ती ओल चढावी तशी चढली. आधी सामन्यापूर्वी सुई, सामन्यानंतर गोळी. मग सरावानंतरही गोळी. मग सकाळी अंथरुणातून उठण्यासाठी एक. प्रवासात डॉक्टरांची पिशवी खेळाडूंमध्ये फुटाण्यांसारखी फिरे, आणि कुणी जास्त घेतल्या तर कुणी विचारत नसे. खुंटा एकटाच नव्हता. पण तो सगळ्यांत भरवशाचा होता, आणि भरवशाच्या बैलाला विश्रांती कोण देतो?

काकांच्या मात्र लक्षात आले. एके दिवशी त्यांनी अंगठा खुंट्याच्या गुडघ्यात रुतवला. पूर्वी याने खोली डोक्यावर घेतली असती. तो ओंडक्यासारखा पडून राहिला.

"अरे, दुखतंय की नाही?"

"काहीच कळत नाही, काका."

"मग मी दाबतोय कशाला? भिंतीला मालिश केली तरी तीच गत!" काका विनोद करायला गेले, पण तेलाचे हात पुसून लगेच उठले. ते प्रशिक्षकांकडे गेले. दार उघडेच असल्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"रविवारी गोलासमोर मग तुम्ही उभे राहता का, काका?" प्रशिक्षक म्हणाले. काकांना घरी चार तोंडे खायला होती. ते परत आले, तेलाची बाटली उगाच पुसत बसले, आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत.

गुडघा आतल्या आत झिजत होता. एका हंगामात खुंटा वळायला उशीर करू लागला, त्याच्या बाजूने गोल होऊ लागले. ज्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतले होते तेच आता त्याला लंगडा घोडा म्हणू लागले. क्लबने त्याचा करार वाढवला नाही. त्याच सुमारास बटण दाबले की वर-खाली होणारे नवे टेबल आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. खुंटा आपले बूट न्यायला आला तेव्हा मला पाहून म्हणाला, "काका, हे मी नेऊ? मऊ गादीवरून मला उठताच येत नाही." असे आम्ही दोघे एकाच टेम्पोतून निघालो.

ताईचे घर लहान होते. बाहेरच्या खोलीत मला लावल्यावर चालायला जेमतेम जागा उरली. ताई पहाटे गणवेश घालून बसवर जाई आणि दुपार कलल्यावर परते. मधल्या वेळेत मी जे पाहिले ते क्लबात कुणी पाहिले नव्हते. आता गोळ्यांची पिशवी समोर नव्हती. गोळी मिळाली नाही की त्याला दरदरून घाम फुटे, नाक वाही, पोटात पीळ पडे, पाय आपोआप झटके देत. मग तो कपडे करून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात जाई, आणि नवी नवी थाप मारी. मिळालेल्या गोळ्या माझ्या उसवलेल्या कोपऱ्यात, काथ्यात खुपसून ठेवी.

एकदा ताईने पाकीट पाहिलेच. "यावर लिहिलंय, खाऊन गाडी चालवू नये. मला कामावरून काढतील असली गोळी खाल्ली तर. तुला हे खाऊन खेळवत होते?"

"अगं ताई, सगळेच घेतात."

पुढे ताई बसच्या पायरीवरून घसरली. कमरेला जबर मार बसला. इस्पितळातून तिला थोड्या दिवसांपुरत्या गोळ्या दिल्या, नेमक्या त्याच जातीच्या. खुंट्याने काय केले ते सांगताना माझी लाकडे दुखतात. त्याने त्या गोळ्या काढून घेतल्या आणि त्या डबीत तशाच दिसणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या भरल्या.

ताई औषध घेई आणि कण्हत राही. तिला वाटे आपणच नाजूक झालो. एका दुपारी ती म्हणाली, "जरा कंबर चोळून देतोस का रे?" ती माझ्यावर पालथी झाली. काका जसे हात चालवत तसे तो हात चालवू लागला, मायेने, हलक्या हाताने. गुणगुणत होता. कितीतरी दिवसांनी तो खुशीत होता.

ताई एकदम म्हणाली, "गोळी मी घेते आणि आराम तुला पडतो, हे कसं काय रे?"

त्याचे हात थांबले. ती मोठ्या कष्टाने उठून बसली. आधार घेताना तिचा हात माझ्या उसवलेल्या कोपऱ्यात गेला, आणि बाहेर आला तो गोळ्या घेऊनच. तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत. तो पोलादी गडी जमिनीवर बसला आणि तिच्या गुडघ्यावर डोके ठेवून म्हणाला, "ताई, मला सोडवत नाही गं. गुडघ्यासाठी नाही घेत आता. नाही घेतली तर मी माणूसच राहत नाही."

"चल," ताई म्हणाली. कंबर धरून धरून तीच त्याला इस्पितळात घेऊन गेली.

तो तिथे पुष्कळ दिवस राहिला. परतला तेव्हा गाल भरले होते. तो स्वयंपाक करू लागला, भाजी करपवू लागला, ताईशी भांडू लागला. ताईने मला इस्पितळातले बोलणे सांगितले असे नाही, पण ती त्याला रोज ऐकवत असे: "डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते विसरू नकोस. शरीराची सवय मोडली आहे. आता पूर्वीइतक्या घेतल्यास तर श्वासच थांबेल."

"लक्षात आहे गं, आई माझी."

मग क्लबने जुन्या खेळाडूंचा एक सामना ठेवला. ताई नको म्हणत होती. पण लोक पुन्हा आपले नाव घेतील, हा मोह त्याला आवरला नाही. सामना झाला, टाळ्या झाल्या, आणि गुडघा टम्म फुगला. कुण्या जुन्या सोबत्याने प्रेमानेच त्याच्या खिशात गोळ्यांचे पाकीट सरकवले. त्या सोबत्याला तरी काय माहीत? दुसऱ्या दिवशी ताई कामावर असताना तो बराच वेळ ते पाकीट हातात घेऊन माझ्यावर बसून राहिला. एकदा उठून खिडकीपर्यंत गेला. पाकीट फेकील असे मला वाटले. पाय टेकवेना म्हणून तो परत आला. त्याने घेतल्या, पूर्वी घेई तितक्या, आणि माझ्यावर आडवा झाला.

त्याचा श्वास मी पाठीवर मोजत आले होते. तो लांब झाला. दोन श्वासांमधले अंतर वाढत गेले. मला हात नाहीत, तोंड नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरले तेव्हा मी पुढच्या श्वासाची वाट पाहत होते. ताईने दार उघडले तेव्हाही वाटच पाहत होते.

प्रशिक्षक आणि डॉक्टर भेटायला आले. प्रशिक्षक म्हणाले, "शेवटपर्यंत खंबीर गडी होता." डॉक्टर खूप थकले होते. ते म्हणाले, "मी त्याला कधी जबरदस्ती केली नाही हो."

"नाही केलीत," ताई म्हणाली. "उभा राहशील का, एवढंच विचारत होता तुम्ही लोक. तो नाही म्हणणार नाही, हे तुम्हांला ठाऊक होतं. म्हणूनच विचारत होता."

कुणी चहाला थांबले नाही.

ताईला मी घरात बघवेना. तिने मला मुलांच्या एका क्रीडांगणावर देऊन टाकले. तिथल्या प्रथमोपचाराच्या खोलीत मी आता असते. आज एका मुलीला धरून आणले. घोटा सुजला होता. बाहेर तिचा संघ बरोबरीत होता आणि सगळे तिच्यासाठी खोळंबले होते. प्रथमोपचार करणाऱ्या बाईंनी विचारले, "खेळशील का?"

ती म्हणाली, "नाही. दुखतंय."

"बरं, पडून राहा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दार लावून घेतले.

संघ हरला. ओरडा ऐकून ती मुलगी माझ्यावर तोंड खुपसून हमसून हमसून रडली, आणि रडता रडता झोपी गेली. बाई तिच्या पायावर बर्फ धरून बसल्या होत्या.

मित्रांनो, दुखणे हा दारावरचा राखणदार असतो. तो ओरडला की चोर शोधा, राखणदाराचे तोंड बांधू नका. आणि तुमच्यातला कुणी भरवशाचा गडी 'मला काही होत नाही' म्हणाला, तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. त्याच्याजवळ बसा. पुन्हा विचारा. त्याला नाही म्हणता येईल असे विचारा.

हरलेल्या संघाची ती मुलगी अजून झोपली आहे. तिचा श्वास एकसारखा चालला आहे. मी हलत नाही.