शेवटची फेरी

अठरा वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे? लागोपाठ नऊ निवडणुका अल्थिया पिकेटने मारल्या होत्या. व्हरमाँटच्या डोंगरातलं हे एवढंसं गाव. राज्याच्या विधानसभेत आपलं माणूस म्हणजे अल्थियाच, दुसरं कोण? पण यंदा गावची शाळा बंद करणाऱ्या कायद्याला तिने हात वर केला, आणि घरच्यासारखी माणसं तोंड फिरवून बसली. समोर उभा राहिला कर्टिस व्हीलॉक. तिशीतला गवंडी, गावच्या आगीच्या बंबावरचा स्वयंसेवक.

गावात दोन रिवाज होते. एक म्हणजे, मतदानाला म्हाताऱ्याकोताऱ्यांना उमेदवारांनीच गाडीतून आणायचं, आणि मत कुणाला ते विचारायचं नाही. दुसरा म्हणजे, सात वाजता मतदान संपायच्या आत दोघा उमेदवारांनी सगळ्यांच्या शेवटी मत द्यायचं आणि हात मिळवायचा.

ऑरिन स्टॉडर्ड नेहमी अल्थियाच्या गाडीत यायचे. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली; अल्थियाही त्याच बसमधली पोर. आदल्या रविवारी चर्चच्या जेवणात त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पोरी, ह्या खेपेला माझं मत कर्टिसला. पण न्यायला ये हं."

"येईन की, मिस्टर स्टॉडर्ड." ती हसली, पण आतून जळली.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सहाला "स्टॉडर्डना घेऊन येते" म्हणून ती निघाली, आणि फाट्यावरून तळ्याकडे वळली. तिथे गाडीतच बसून राहिली. एवढी राबले, त्याचं हे फळ? एक मत नाही पडलं तर कुणाचं काय बिघडतंय!

सातला दहा कमी असताना ती परतली. "म्हाताऱ्याला बरं नाही," असं सांगून तिने मत दिलं. कर्टिस कुठे दिसेना. बंबाचा पेजर वाजला तसा पळाला, एवढंच कुणीतरी म्हणालं. तो आला सव्वासातला, बुटांना चिखल फासलेला. तिला बघून जागीच थबकला.

"बरी आहेस ना, अल्थिया?" त्याने हात मिळवला.

टोमणा मारतोय मेला, असं तिला वाटलं.

तिला सहाशे बारा मतं पडली, त्याला सहाशे अकरा. फेरमोजणीतही तेवढीच.

फेरमोजणीच्या दुसऱ्या दिवशी ती घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन ऑरिनकडे गेली. "त्या दिवशी गाडी बंद पडली हो माझी."

"तरी मला वाटलंच!" म्हातारा कळवळला. "सहापासून कोट घालून ओसरीवर बसलो होतो. म्हटलं, येते म्हणालेली पोर पोचत नाही म्हणजे काय! ओढ्याजवळ बर्फ धरतो ना. बंबवाल्यांना फोन लावला. कर्टिसच धावला. ओढ्यात उतरून उतरून बघत होता बिचारा. म्हटलं, अरे, तुझं मत राहील. तर म्हणतो, मत काय घेऊन बसलात."

अल्थियाने मनात हिशेब केला. ह्यांचं एक, कर्टिसचं एक. ती हरलीच होती की!

"त्याने... त्याने मत दिलंच नाही?"

"नाही ना. आणि कुणाला सांगू नका म्हणाला. तिला वाईट वाटेल."

तिला रडूच फुटलं. "गाडी बंद नव्हती पडली. मी मुद्दाम नाही आले."

 ऑरिननी पुढ्यातला ॲपल पायचा तुकडा तसाच बाजूला सारला.

"एकतीस वर्षांत मी एकही पोर थांब्यावर मागे ठेवलं नाही," ते म्हणाले. "ज्यांचे आईबाप मला शिव्या घालायचे, त्यांचंसुद्धा नाही." मग घसा खाकरून विचारलं, "शपथ कधी तुझी?"

"जानेवारीत."

"मला ने. मला बघायचंय, हात कसा वर करतेस ते." तिच्या डोळ्यांत बघत त्यांनी विचारलं, "ह्या वेळी तरी येशील ना न्यायला?"