आखूड पट्टा

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात तक्रारीला दोनच उत्तरं मिळत. कपडा घट्ट झाला असेल तर 'वापरून सैल होईल', आणि सैल झाला असेल तर 'धुतल्यावर आटेल'. एवढ्या भांडवलावर त्यांनी उभी हयात काढली आणि मुलगी शिकवून तिचं लग्नही लावून दिलं. 'आखूड झालंय' याला मात्र उत्तर नव्हतं. तो शब्द कानावर पडला की मास्तर सुई ओवायला घेत, आणि गिऱ्हाईक कंटाळून जाईपर्यंत ओवत बसत.

मापाच्या बाबतीत त्यांचा माणसावर काडीचा विश्वास नव्हता. फीत कमरेला लागली की भलाभला माणूस पोट आत ओढतो, श्वास कोंडतो आणि समोरच्या भिंतीकडे साधुसंतासारखा बघत राहतो. मास्तर चकार शब्द न काढता मनातल्या मनात दोन बोटं वाढवत. खरा आकडा मोठ्याने उच्चारायचा नाही, हा धंद्याचा पहिला नियम. गल्लीतल्या निम्म्या लोकांची अब्रू मास्तरांच्या गळ्यातल्या फितीवर टांगलेली होती.

अशा माणसावर ट्रेडमिल घ्यायची वेळ आली.

झालं असं, की त्यांची बायको, म्हणजे सगळ्या गल्लीची काकू, दुकानाच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, हाडाने त्याचं काम केलंय, आता पायांनी करायचं. रोज चालला नाहीत तर पुढे खुर्चीतून उठवायलाही माणूस लागेल. काकूंनी मान डोलावली, पण त्या पायरीशी त्यांनी जे वैर धरलं ते धरलं. औषधपाण्याला जायचं तरच, आणि तेही मास्तरांच्या दंडाला लोंबकळून. एरवी उंबऱ्याबाहेर पाऊल नाही.

मुलीने फोनवर तोडगा काढला. आई रस्त्यावर जात नसेल तर रस्ता घरात आणा. हळू चालणारी, दोन्ही बाजूंना धरायला दांड्या असलेली ट्रेडमिल घ्या. पैशांचं काय, असं तिने विचारलं, तेव्हा मास्तर म्हणाले, तो विषय काढू नकोस. कारण विषय निघाला असता तर आकडा सांगावा लागला असता. काजं करायच्या नव्या मशीनसाठी बाजूला टाकलेली रक्कम होती, आणि तिच्यापुढे अंधार होता.

शिंपी आधी माप घेतो, मग कापड बघतो. मास्तरांनी स्वयंपाकघरात खडूची रेघ मारली आणि काकूंना पाऊल टाकायला सांगितलं. काकूंनी ओट्याला हात टेकला, श्वास घेतला आणि ओढा ओलांडावा तशी ढांग टाकली. मास्तर हरखले. त्यांनी फीत लावली आणि सवयीने वर दोन बोटं वाढवली.

इथेच सगळं फसलं. त्या मापाचा लांब पट्टा असलेली यंत्रं मास्तरांच्या ऐपतीच्या दुप्पट किमतीची निघाली, आणि ऐपतीतल्या यंत्रांचे पट्टे आखूड निघाले. आखूड माल मास्तर कसा घेणार? एक व्यायामशाळा बंद पडली होती, तिथलं जुनं यंत्र बघून झालं. ते पलंगाएवढं होतं आणि सुरू केल्यावर भिंतीवरचं घड्याळ नाचायला लागलं. शेजारच्या न्हाव्याने फुकटचा सल्ला दिला, की कुठलीही घ्या, दोन महिन्यांनी तिच्यावर टॉवेलच वाळतात, तेव्हा दांड्या मात्र बघून घ्या. मुलगी वैतागली. आईला चालायचंय, शर्यतीत नाही उतरवायचं, असं म्हणाली.

"तुझ्या आईची ढांग बघितली नाहीस तू," मास्तर अभिमानाने म्हणाले.

पलीकडून मुलीने आईच्या गोळ्यांची चौकशी सुरू केली.

शेवटी ते काकूंनाच टॅक्सीत घालून यंत्रांच्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या विक्रेत्याने लांब पट्ट्याच्या यंत्रावर काकूंना चढवलं आणि अगदी कमी वेग लावला. मास्तरांना दंड सोडवून घ्यावा लागला. मग पँटची मोहरी बघायला बसावं तसे ते खाली उकिडवे बसले.

काकूंचं पाऊल वीतभरसुद्धा पुढे पडत नव्हतं. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्यापुढे जायला धजत नव्हती. पुढे-मागे पट्टा नुसता मोकळा फिरत होता. काकू समोरच्या भिंतीकडे बघत होत्या, श्वास कोंडून.

हे बघणं मास्तरांनी आयुष्यभर पाहिलं होतं. दुकान पुढे, घर मागे, मध्ये पडदा. ते आत जायला निघाले की पडद्याच्या कड्या वाजत, आणि इतके महिने प्रत्येक वेळी काकू आत बसलेल्या असत. दंड सोडून चालताना त्यांनी काकूंना पाहिलंच नव्हतं. ज्याने कुणाच्या पोटावर कधी विश्वास ठेवला नाही, तो या एका पावलावर ठेवून बसला होता.

विक्रेत्याने विचारलं, कसं वाटतंय? काकू म्हणाल्या, छान, अगदी लांब टाकता येतंय पाऊल. विक्रेत्याने त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. तेवढ्यात मास्तर उठले.

"ही नको. आमच्या दारातून जायची नाही."

"काका, घडी होते हिची. कुठल्याही दारातून जाते."

"आमचं दार जरा विचित्र आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कोपऱ्यातल्या सगळ्यात छोट्या यंत्राकडे बोट केलं.

"अहो, पण माझं माप?" काकू म्हणाल्या.

"मी वाढवून घेतलं होतं. सवय."

काकूंनी आधी त्यांच्याकडे, मग आपल्या पायांकडे पाहिलं. मग त्यांचा दंड धरून खाली उतरल्या.

"मग धुतल्यावर आटलं म्हणू या."

यंत्र मास्तरांनी पडद्याच्या आत नाही, बाहेर दुकानातच ठेवलं. इकडे ते पायमशीन मारत, तिकडे काकू चालत. न्हावी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, दोघं सकाळीच निघालेत, पोचले की कळवतील. टॉवेल एकदाच वाळत घातला गेला, तोही त्याचाच.

थंडी सरता सरता, एका सकाळी काकू पट्ट्यावरून म्हणाल्या, "अहो, हा पट्टा आखूड पडतोय. पाय मागच्या कडेला लागतो."

मास्तरांची मशीन थांबली. त्यांनी वाकून पाहिलं. लागत होता.

"वापरून सैल होईल," ते म्हणाले.

"पट्टा सैल झाला तर पडेन मी. त्यापेक्षा बाहेरच्या पायरीला एक दांडी बसवून घ्या."

मास्तरांनी सुई घेतली आणि ओवायला बसले. दोरा काही केल्या नेढ्यातून जाईना.