आपापली वेळ

कल्पना रंजनाचीच होती, म्हणून पुढे तिला कुणालाच दोष देता येईना.

रंजना खानदेशातल्या दोंडाईच्याची. लग्नानंतर सुरतला आली आणि कतारगामच्या एका कारखान्यात साड्यांवर स्टोन लावता लावता अकरा बायकांची मुकादम झाली. वेळ दहा ते सात. त्या बायकांतल्या सुंदराच्या सासऱ्यांना लकवा मारला. त्यांचं आंघोळपाणी उरकून यायला तिला रोज वीस मिनिटं उशीर व्हायचा आणि शेठ अर्ध्या दिवसाचा खाडा लावायचे. तेव्हा रंजना सरळ शेठकडे गेली.

"जयंतीभाई, बायकांना त्यांच्या सोयीनं येऊ द्या. साड्या ठरल्यात तेवढ्या होतील. जबाबदारी माझी."

शेठनं दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं. "रंजनाबेन, जबाबदारी तुमची हं."

पहिला महिना सणासारखा गेला. कुणी आठला येऊन तीनला जायची, कुणी जेवणं उरकून यायची. साड्या उलट जास्त झाल्या. त्यांच्यातल्या मालतीबाई तर रंजनासाठी डब्यात गावाकडची कळण्याची भाकरी घेऊन आल्या.

मग शेठ म्हणाले, "सगळ्या वेगवेगळ्या वेळी येतात, तर एवढा हॉल कशाला अडवायचा?" हॉलमध्ये एम्ब्रॉयडरीची मशीन बसली. साड्यांचे गठ्ठे बायकांच्या घरी जाऊ लागले. माल आला की रंजनानं फोनवरच्या ग्रुपमध्ये टाकायचं, आणि जी आधी 'हो' लिहील तिला गठ्ठा. बायका पोळ्या लाटताना फोन डब्याला टेकवून ठेवायला लागल्या. देवळात गेल्या तरी हातात फोन.

माल यायचा सकाळी नऊला. नेमकी तेव्हा सुंदरा सासऱ्यांना अंघोळ घालत असायची. तीन आठवडे तिला एकही गठ्ठा मिळाला नाही. ती रंजनाच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, आपापली वेळ म्हणीसन तूच सांगेल व्हतं ना? मंग मनी वेळ कोठे शे?"

दुसऱ्या दिवसापासून रंजनानं एक युक्ती केली. कोण कधी मोकळी असते ते एका वहीत उतरवलं आणि त्याप्रमाणे मागेपुढे करून निरोप टाकायला लागली. सुंदरासाठी साडेअकराला, मालतीबाईंसाठी दुपारी. सगळ्यांना काम मिळू लागलं.

दहा-बारा दिवसांनी शेठनं बोलावलं.

"माल नऊला येतो अने साडेअकरापर्यंत पडून राहतो. का?"

तिनं खरं ते सांगितलं. शेठ चिडले नाहीत. तेच वाईट होतं. "तुमचं मन मोठं आहे, बेन. पण आता निरोप कम्प्युटरच टाकेल. माल वेळेवर परत येतो का, तेवढं तुम्ही बघा."

"मग पहिल्यासारखं दहा ते सात करा," रंजना म्हणाली.

"बसवू कुठे? हॉल तर गेला. अने सोय तुम्हीच मागितली होती ने?"

तिनं काम सोडायचं ठरवलं. हे कळल्यावर मालतीबाई घरी आल्या. "तू जाशील गं. पण मग आम्ही कुणाशी भांडायचं? त्या कम्प्युटरशी?"

रंजना राहिली.

वैशाखात भावाच्या मुलीचं लग्न होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ती गावाला निघाली. शेठ म्हणाले होते, "जाओ ना, तुमची वेळ तुमच्याच हातात आहे." बस बारडोलीच्या स्टँडवर थांबली आणि कारखान्यातून फोन आला. सुंदराचा गठ्ठा परत आला नव्हता. माल न्यायला व्यापाऱ्याचा माणूस कारखान्यात येऊन बसला होता. तिनं सुंदराला फोन लावला.

"सासऱ्यांना दवाखान्यात आणलंय ताई. अठरा साड्या तशाच पडल्यात. ग्रुपमधून माझं नाव काढून टाकतील ना आता?"

"घराची किल्ली कुणाकडे आहे?"

"शेजारच्या काकूंकडे."

कंडक्टर म्हणाला, "मावशी, बस निघतेय. बसा."

रंजनानं आहेराची पिशवी उचलली आणि ती खाली उतरली. बस नवापूरच्या दिशेनं निघून गेली. ऊन डोक्यावर आलं होतं. भावाला तिनं फोन लावलाच नाही. ती सुरतकडे जाणारी बस जिथं लागते तिथं जाऊन उभी राहिली.