शेवग्याचा पहिला वाडगा

बाहेरच्या खोलीत सासऱ्यांची शवपेटी, आतल्या खोलीत चार दिवसांचं बाळ. दोहोंमध्ये एक पातळ पडदा. दुपारच्या उकाड्यात मेलचोराला धड झोपही येत नव्हती, धड जागही. मयताला सोबत करायला आलेली माणसं बाहेर पत्ते पिसत होती, आणि तिला वाटत होतं, परसातल्या शेवग्याची पानंच गळताहेत. बारीक, गोल पानं तिच्या छातीवर साचत होती. छाती मात्र कोरडीच.

बाळ रडलं तशी ती भानावर आली. दूध उतरतच नव्हतं. डब्याचं दूध बाळ ओकून टाकी, आणि त्याचं रडणंही आता क्षीण झालं होतं.

एरवी या बेटावर बाळंतिणीला शेवग्याचा पाला घातलेला कोंबडीचा रस्सा देतात. त्यानं दूध येतं म्हणजे येतंच, असा सगळ्यांचा भरवसा. पण घरात मयत असताना शेवग्याला हात लावायचा नाही. डहाळीवरून एकेक पान ओरबाडलं, की घरातलं एकेक माणूस मेलेल्यामागे जातं म्हणे. मेलचोराचा नवरा जहाजावर होता. तो पोचेपर्यंत, म्हणजे अजून पाच दिवस, दफन नव्हतं.

"नानाय, पाच दिवस काढेल का हा?" तिनं सासूला विचारलं. रोसेंदा उठून परसात गेली.

मेलचोराचा पुन्हा डोळा लागला. स्वप्नात सासरे शेवग्याखाली बसून पाय हलवत होते. जाग आली ती रश्श्याच्या वासानं.

"वेड लागलंय का तुला, रोसेंदा?" बाहेर शेजारीण साबेल ओरडत होती. "पाला तोडलास? आता पुढचा नंबर कुणाचा?"

"तुझा नाही. गप बस."

मेलचोरानं पडदा सारला. सासू शवपेटीपाशी वाफाळता वाडगा घेऊन उभी होती. तिनं तो तिथंच तोंडाला लावला आणि रिकामा केला.

"पहिलं पान मी खाल्लंय," पेटीच्या काचेतून, लग्नातल्या कोटात निजवलेल्या नवऱ्याला ती म्हणाली. "तेव्हा पुढची मीच. आतल्या खोलीकडे बघायचंसुद्धा नाही, सांगून ठेवते."

मग तिनं दुसरा वाडगा आत आणला. "पी पोरी, गरम आहे तोवर."

मेलचोराला हुंदका आवरेना. ती रडत रडतच प्यायली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळाच्या हनुवटीवरून दूध ओघळलं. आनंदानं हाक मारायला मेलचोरानं पडदा सारला. रोसेंदा आपला लग्नातला पांढरा पोशाख नीट घडी घालून ट्रंकेत सगळ्यात वर ठेवत होती.