खडकांची नावं

बारब्रेचा पहिला अल्बम आम्ही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॉनेमारात, गावच्या हॉलमध्ये ध्वनिमुद्रित करत होतो. ध्वनिमुद्रण माझ्याकडे होतं. साथीला वाद्यं नव्हती. समोरासमोर दोन खुर्च्या होत्या, एकीवर बारब्रे आणि दुसरीवर ऐकायला बसलेले गावातले कोलमन.

आमच्याकडे गाणारीचा हात ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी धरतं आणि गाणं अंगात भिनलं की दोर गुंडाळावा तसा हळूहळू फिरवतं. कोलमन ऐंशीचे आहेत. जुनी गाणी चालू असताना त्यांचा हात एकदाही थांबला नव्हता.

मग बारब्रेने स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. तिची आई लहान असताना त्यांचं बेट रिकामं झालं. सगळ्यात शेवटी निघालं ते तिच्या आईचं घर; गाणं त्याच दिवसाचं. वल्ह्यांची बोट पुढे, दोराला बांधलेली गाय मागे पोहत. सूर चोख होते, माझ्या यंत्रावरचे आवाजाचे काटेही नीट होते. पण कोलमनचा हात मांडीवर ठेवलेल्या टोपीसारखा पडून राहिला.

"झोप लागली का तुम्हाला?" तिने विचारलं.

"जागाच आहे. रस्ता शोधत होतो."

"कसला रस्ता?"

"बेटावरून येताना काळी दाढ लागते, मग म्हातारीचा गुडघा. तुझ्या गाण्यात दोन्ही नाहीत. बोट काय हवेतून आली?"

बारब्रेचे कान लाल झाले. खडकांची ही नावं आधी होती गाण्यात. जुन्या गाण्यांत प्रत्येक खडक नावानिशी येतो, हे तिलाही ठाऊक होतं. पण अल्बम काढणाऱ्या डब्लिनच्या कंपनीतला माणूस म्हणाला होता, ती ऐकणाऱ्याला अडखळवतात, आणि तिने ती काढली होती.

"निदान हात तरी हलवायचा," ती म्हणाली.

"मागितल्याने हलतो का तो, पोरी?"

"उद्या परत म्हणते."

"आणि नाही जमलं तर?"

"तर परवा. तुम्हाला कुठे जायचंय?"

"देवाकडे. पण तिकडची घाई नाही."

संध्याकाळी ती आईकडे गेली. आईने टेबलावर बशी आणि दोन चमचे मांडून दाखवलं: ओहोटी होती, दाढ डाव्या हाताला राहिली, आणि गुडघ्यापाशी गायीने पाय टेकले, तिथून ती पुढे यायलाच तयार होईना. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

सकाळी बारब्रेने हॉलमधूनच कंपनीतल्या त्या माणसाला फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता, पलीकडचं मलाही ऐकू येत होतं.

"मी नावं परत घातली आहेत," ती म्हणाली.

"अगं, हे गाणं अल्बममध्ये पहिलं आहे. तिसऱ्या ओळीलाच लोक पुढच्या गाण्यावर जातील."

"जाऊ देत."

"मग आम्हालाही विचार करावा लागेल. तुझा पहिलाच अल्बम आहे हा."

"म्हणूनच. नावांसकट घ्या, नाहीतर घेऊच नका."

फोन ठेवला तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. ती खुर्चीत बसली आणि तिने हात पुढे केला. कोलमननी तो घेतला. मी मुद्रण सुरू करून लाल दिवा लावला.

पहिल्या कडव्यात काहीच घडलं नाही. तिने डोळे मिटले. काळी दाढ डावीकडे गेली, आणि दोघांचे हात एका बाजूला किंचित झुकले. मला वाटलं, तीच ओढतेय. मग गायीने गुडघ्यावर पाय टेकले आणि कोलमनचं कोपर उचललं गेलं. हात फिरू लागला. आधी लहान, मग खांद्यापासून. "भले गं!" ते ओळीच्या मधोमध ओरडले. माझा काटा लालमध्ये गेला. ती थांबली नाही. शेवटची ओळ तिने आमच्या रीतीने, न गाता, साध्या बोलण्यात सांगितली.

मी श्वास रोखून थांबले, मग दिवा बंद केला.

"दुसऱ्या कडव्यात यांचा आवाज शब्दांवर बसलाय," मी म्हटलं. "पुन्हा घेऊ या? स्वच्छ येईल."

कोलमन रुमालाने मान पुसत होते. हात अजून तिच्याच हातात होता.

"नको," बारब्रे म्हणाली. "हेच पाठव त्यांना."