फाइल मी गिळली नव्हती

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मला जुना म्हणा, संथ म्हणा, मी ऐकून घेईन. पण खोटा आळ मला खपत नाही.

नागपूरच्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले आणि जीपमधून हेलकावे खात मी भामरागडकडच्या जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात आलो. नऊ वर्षं तिथल्या लसींच्या, तापाच्या, बाळंतपणांच्या नोंदी मी सांभाळल्या. सुरुवातीला माझ्यावर भरतकामाचं आच्छादन असायचं. पुढे लोक चहाचे कप ठेवू लागले.

माझ्यावर नंदिनी काम करते. दिवस भरत आलेल्या बायांची यादी काढणारा छोटा प्रोग्राम तिनं स्वतः शिकून लिहिला. पावसाळ्यात नाले भरले की रस्ते तुटतात. त्याआधी या बायांना केंद्रात आणून ठेवावं लागतं.

यंदा तालुक्याहून प्रणित साहेब आले. कागदी रजिस्टर त्यांनी आधीच तपासणीला मागवून घेतलं होतं. आता फोल्डरचं आणि फाइलचं नावही बदलायला लावलं. नंदिनीनं D:\Mata\Mata.csv च्या जागी नवा पत्ता लिहिला: D:\tapasni\navi.csv. प्रोग्राम चालवला, तर मी म्हणालो, हा पत्ता चालत नाही.

"डबडा झाला हा," साहेब म्हणाले. "फाइलाही गिळून राह्यला. भंगारात काढा." आणि माझ्या कपाळावर त्यांनी मार्करनं 'निकामी' असं लिहिलं.

मित्रांनो, माझा संताप झाला. फाइल माझ्या पोटात जशीच्या तशी होती. मला नेमकं काय सांगितलं गेलं, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

रुग्णवाहिकेचे चालक देवाजीभाऊ दारात आले. "बाई, यादी देता का? नाल्याचं पाणी चढून राह्यलं. पुलावरून गेलं का मले जाता येत नाई."

"जरा थांबा, भाऊ. काल चालत होतं, मंग आज काऊन नाई?" नंदिनी म्हणाली. मला जसा समजला तसाच तो पत्ता तिनं पडद्यावर दाखवायला लावला. मी दाखवला. 'D:' नंतर मोठी मोकळी जागा, मग 'apasni', आणि खालच्या ओळीवर 'avi.csv'. तिरप्या रेघा, t आणि n गायब.

तिला उमगलं. प्रोग्रामच्या भाषेत त्या तिरप्या रेघेपुढे t आला की मोकळी जागा सोडायची आणि n आला की नवी ओळ धरायची. M ला असा काही अर्थ नाही, म्हणून जुना पत्ता चालत होता. मी तर हुकूमच पाळला होता.

तिनं प्रत्येक तिरपी रेघ दोनदा लिहिली. लगेच अकरा नावं छापून निघाली. वरचंच नाव रंभाचं, नाल्यापलीकडच्या गावातलं.

"साहेब, मशीन नाई चुकली," नंदिनी म्हणाली. "पत्ता आपण चुकीचा लिवला."

"बरं, बरं," साहेब मोबाइलकडे बघत म्हणाले. मग कागद हातात घेऊन त्यांनी नव्या प्रिंटरचं कौतुक केलं.

देवाजीभाऊंनी सगळ्या बायांना आणलं. रंभा आली आणि संध्याकाळी पूल बुडाला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतून तिच्या लेकीचं रडणं मी ऐकलं.

मित्रांनो, यंत्र अडलं तर त्याला बोल लावण्याआधी, आपण त्याला काय सांगितलं ते नीट वाचून पाहा. त्या दिवशी मला फेकलं असतं, तर माझ्यासोबत अकरा नावंही भंगारात गेली असती.